अँजिओप्लास्टीआधी प्लेटलेटची तपासणी सक्तीची का नको?

रामबागकर:
परवा सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, इथेच इंदूरला. एक स्टेंट. आधीच्या रिपोर्टात प्लेटलेट २ लाख १० हजार, म्हणजे ठीक. पण एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार, १२.४ आणि पुढे ठळक 'हाय'. मोठ्या प्लेटलेट जास्त चिकट असतात म्हणे. डॉक्टरांनी त्या आकड्याकडे बघितलंही नाही, प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल लिहून मोकळे! गोळी लागू पडते की नाही हे न मोजता माणसाला घरी कसं पाठवता?

लॅबवाली:
दादा, रक्त घरी येऊन घेतलं होतं ना? सुदामानगरातून स्कूटरवर निघालेली नळी मशीनवर चढेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेट तेवढ्यात फुगतात. अर्धे 'हाय' असेच येतात (हे आमच्या मालकांना सांगू नका). आणि किती आहेत, केवढ्या आहेत, याने त्या किती चिकटतात ते कळत नाही. डेंग्यूने सगळ्यांना नुसती मोजणी शिकवून ठेवलीय.

जुना स्टेंट:
एमपीव्ही सोडा, पण रामबागकरांचा मुद्दा खरा आहे. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाचं होतं, आणि सीवायपी२सी१९ हा जीन मंद असेल तर नीट होत नाही. आपल्याकडे असे लोक कमी नाहीत. मला स्टेंटनंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अटॅक आला, तोही रोज गोळी घेत असताना. अडॅप्ट-डीईएस या ८,५८३ रुग्णांच्या अभ्यासात गोळी घेऊनही ज्यांचा पीआरयू, म्हणजे प्लेटलेट अजून किती चिकटतात याचा आकडा, २०८ च्या वर होता, त्यांच्यात गुठळी होऊन स्टेंट बंद पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. मग मोजायला काय हरकत आहे?

एमडीवाली भाची:
काका, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण धोका दिसणं वेगळं आणि आकडा पाहून औषध बदलल्याने तो टळणं वेगळं. ग्रॅव्हिटास या अभ्यासात (२०११) पीआरयू जास्त असलेल्या २,२१४ जणांपैकी निम्म्यांचा डोस ७५ वरून १५० मिलिग्रॅम केला. सहा महिन्यांनी मृत्यू, अटॅक, स्टेंट बंद पडणं मिळून दोन्हीकडे २.३ टक्के. फ्रान्समधल्या आर्क्टिक नावाच्या अभ्यासात (२०१२) २,४४० रुग्ण होते, तिथेही मोजून फायदा दिसला नाही.

जुना स्टेंट:
डोस दुप्पट करणं म्हणजे तीच बोथट सुरी दोनदा फिरवणं! टिकाग्रेलोरसारखं जास्त जोरदार औषध दिलं असतं तर?

एमडीवाली भाची:
हा मुद्दा मान्य, ग्रॅव्हिटासवर हीच टीका झाली. पण म्हणूनच अटॅक आलेल्याला आता शक्यतो न मोजताच टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल देतात. त्यात रक्तस्राव वाढतो, टिकाग्रेलोरने काहींना दमही लागतो. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत अजून क्लोपिडोग्रेलच. रामबागकर, सासऱ्यांना अटॅक आला होता का?

रामबागकर:
नाही. जिना चढताना छाती भरून यायची, म्हणून ठरवून केली.

जुना स्टेंट:
मग गोळी बरोबर आहे, भांडण मागे घेतो. स्वतःपुरतं मात्र नाही.

रामबागकर:
एक विचारायचं राहिलं. उद्या त्यांची दाढ काढायची आहे, म्हणून त्यांनी कालपासून दोन्ही गोळ्या बंद केल्यात.

लॅबवाली:
अहो!!

एमडीवाली भाची:
दाढ राहू द्या. आत्ता फोन लावा, स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांना. एमपीव्हीचं नंतर बोलू.