एंजल माशांची अंडी तिसऱ्यांदा पांढरी पडली, नक्की कुठे चुकतंय?

चंदेरी_पंख:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली मासे पाळतेय, गप्पी आणि मॉलीची पिल्लं इतकी झाली की ठेवायला जागा उरली नाही, म्हणून म्हटलं आता जरा अवघड काहीतरी करू आणि एंजल आणले. सहा आणले होते, नाण्याएवढे, एकत्रच वाढवले, आणि दहाएक महिन्यांनी त्यातल्या दोघांनी एक कोपरा धरला, बाकीच्या चौघांना तिकडे फिरकूसुद्धा देईनात, तेव्हा कळलं जोडी लागलीय. मग त्या दोघांना वेगळ्या ८० लिटरच्या टँकमध्ये टाकलं. खाली वाळू वगैरे काही नाही, एक स्पंज फिल्टर, हीटर २८ वर, आणि अंड्यांसाठी पीव्हीसी पाईपचा तुकडा तिरका टेकवून ठेवलाय.

अंडी दिली, तीनदा दिली! पहिल्यांदा सकाळी उठून बघते तर पाईप चकाचक, एक अंडं नाही. दुसऱ्यांदा आणि परवा तिसऱ्यांदा मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी पांढरीफटक, खडूचे ठिपके काढल्यासारखी, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर कापूस. दोघंही अगदी मन लावून पंखांनी वारा घालत असतात हो, बघून वाईट वाटतं. अंडी भरपूर असतात, पाईप भरून हीटरवर पण चिकटवतात. पाणी नळाचंच, एक दिवस भरून ठेवते मग वापरते, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) ४६० दाखवतो. पाण्यामुळे होतंय का बुरशीमुळे? मिथिलिन ब्लू (ते बुरशीवरचं निळं औषध) टाकू का सरळ टँकमध्ये? की यांना आईबाप होणं जमतच नाही?

गप्पी_एके_गप्पी:
ताई टेन्शन नका घेऊ, नवीन जोडी पहिली चारपाच वेळा अंडी खातेच, हळूहळू शिकतात. थोडं मीठ टाका पाण्यात, बुरशी मरते. मी गप्पीत नेहमी टाकतो, काही होत नाही.

जुनं_शेवाळ:
मिठाचं राहू द्या हो. गप्पीला मीठ चालतं म्हणून सगळ्यांना चालवायचं नाही, आणि बुरशी हा इथला आजारच नाहीये. बुरशी आधी मेलेल्या अंड्यावर बसते, मग तिथून तिचे तंतू शेजारच्या चांगल्या अंड्यात जातात. म्हणजे आधी अंडं मेलं, मग कापूस आला. उलटं नाही.

तुमच्या पोस्टमध्ये कामाची गोष्ट एकच आहे, "दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी पांढरी". चोवीस तासांत एकजात पांढरी म्हणजे बहुतेक वेळा ती फलितच झाली नव्हती. पाण्याने किंवा बुरशीने गेली असती तर काही पांढरी, काही पारदर्शक अशी मिश्र दिसली असती. चांगलं अंडं मधासारखं पिवळसर पारदर्शक राहतं आणि साधारण दीड दिवसाने टॉर्च मारून बघितलं तर आत काळपट ठिपका दिसतो. तो ठिपका एकाही अंड्यात दिसलाय का कधी? आणि पहिल्या वेळी खाल्ली म्हणून त्यांना शिव्या घालू नका, वांझ अंडी साफ करणं हे त्यांचं कामच आहे, बऱ्याचदा आपण ज्याला "खातात" म्हणतो ती साफसफाई असते.

आता माझा प्रश्न. अंडी साधारण किती असतात? आणि दोघांपैकी नर कोण हे कशावरून ठरवलंत?

चंदेरी_पंख:
ठिपका नाही दिसला कधी. फोटो झूम करून मोजायला बसले, ३८० पर्यंत मोजली आणि सोडून दिलं, हीटरवरची वेगळीच. नर म्हणजे जो मोठाय आणि कपाळ जरा फुगीर आहे तो, असं मी धरून चाललेय 🙈

जुनं_शेवाळ:
हं. मला वाटलंच होतं.

एंजलमध्ये आकार आणि कपाळ यावर अजिबात जाऊ नका. म्हाताऱ्या नराला उंचवटा येतो कधीकधी, पण चांगली खाल्लीप्यालेली मादी पण तशीच दिसते. खरी खूण एकच आणि ती पण फक्त अंडी द्यायच्या आदल्या-त्याच दिवशी दिसते, पोटाखाली पुढच्या लांब पंखांच्या मागे एक छोटी नळी बाहेर येते, ब्रीडिंग ट्यूब म्हणतात तिला. मादीची नळी जाड, बोथट, पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखी. नराची बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली. पुढच्या वेळी दोघं पाईप चोखून साफ करायला लागले की मोबाईल घेऊन बसा आणि बाजूने फोटो काढा, वरून नाही.

दुसरं म्हणजे प्रत्यक्ष अंडी देताना बघा. मादी पोट टेकवून खालून वर सरकत जाते, अंड्यांची एक ओळ लावते आणि बाजूला होते, मग नर त्याच ओळीवरून पोट घासत जातो. नराचं बीज गोड्या पाण्यात फार थोडा वेळ टिकतं, त्यामुळे त्याला लगेच मागोमाग जावं लागतं. दोघंही ओळी लावताना दिसले तर समजून जा. दोन माद्या जोडी लावतात, कोपरा राखतात, अंडी देतात, वारा घालतात, सगळं सगळं करतात. फक्त अंडी पांढरी पडतात. आणि संख्या डबल दिसते, कारण दोघींची असतात.

आणि समजा नर निघालाच, तर अंडी घालताना स्पंज फिल्टरची हवा तासभर एकदम मंद करा, पाण्याचा झोत पाईपवरून जात असेल तर बीज वाहून जातं.

निळी_टाइल:
जुनं_शेवाळ यांच्याशी सहमत, पण पाण्याचं पण बोलायला हवं, कारण पुढे लागणारच आहे. टीडीएस म्हणजे हार्डनेस, पाण्याचा जडपणा, नाही ताई. ४६० मध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि बाकीचे क्षार किती हे मीटर सांगत नाही, तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज देतो. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) मोजायची थेंबांची टेस्ट किट असते ती वापरा एकदा.

एंजल मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ पाण्यातले, पण आपल्याकडे मिळतात ते कित्येक पिढ्या टँकमध्येच जन्मलेले, ते जड पाण्यात जगतात आणि अंडी पण देतात. अंड्याचं मात्र जास्त कॅल्शियमच्या पाण्यात बिघडू शकतं, कवच कडक होतं आणि अंडी कमी फुटतात. मी आरओचं आणि नळाचं निम्मं निम्मं करते, टीडीएस २०० च्या आसपास ठेवते, तेवढं पुरतं. नुसतं आरओ घालू नका, केएच शून्यावर आला की पीएच कधी धाडकन खाली येईल सांगता येत नाही. आणि बदल हळूहळू, रोज १०-१५ टक्के. पीएच कमी करायच्या बाटल्या मिळतात त्यांच्या वाटेलाही जाऊ नका, आज खाली उद्या वर, माशाला त्या झोक्याचा त्रास जास्त होतो.

मिथिलिन ब्लू मेन टँकमध्ये नको!! स्पंजमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मरतात, अमोनिया वाढतो, आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन निळं होतं ते कायमचं. माझं नाव उगाच निळी टाइल नाही 😄

गप्पी_एके_गप्पी:
दोन माद्या संसार करतात हे पहिल्यांदाच ऐकलं राव. मिठाबद्दल सॉरी.

चंदेरी_पंख:
अपडेट देते. काल संध्याकाळी परत साफसफाई सुरू झाली, मी खुर्ची घेऊन समोरच बसले, फोनची बॅटरी संपेपर्यंत. दोघींच्याही नळ्या जाड आणि बोथट. दोघीही!! आधी छोटीने तीन ओळी लावल्या, मग मोठी आली, मला वाटलं आता हा मागून जाणार, तर हिने पण आपली वेगळी ओळ सुरू केली शेजारी. म्हणजे ज्या "बाबां"ना मी दोन महिने नावं ठेवतेय ते बाबाच नाहीत.

आता काय करू? उरलेल्या चौघांत नर असेल तर ओळखायचा कसा?

जुनं_शेवाळ:
ओळखायचा नाही, त्यांनाच ठरवू द्यायचं. दोघींना परत त्या मोठ्या टँकमध्ये सोडा, पण सोडताना आतली लाकडं-झाडं इकडची तिकडे करा म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातील, नाहीतर येताक्षणी मार खातील. महिनाभर नीट खायला घाला, दिवसातून दोनतीनदा थोडं थोडं. त्यातली एखादी कुणाबरोबर कोपरा धरेल, तेव्हा लगेच हलवू नका, आधी एकदा तिथेच अंडी देऊ द्या आणि नळी बघा, मग हलवा. आपण जबरदस्तीने एक नर एक मादी एका छोट्या टँकमध्ये कोंबले तर एका रात्रीत एकाचे डोळे आणि पंख गेलेले बघितलेत मी, माझ्याच हातून झालंय ते. मध्ये जाळी लावून आठवडाभर नुसतं एकमेकांना बघू द्यायला पाहिजे होतं, मी घाई केली.

निळी_टाइल:
तोवर एक तयारी करून ठेवा, पाईपऐवजी गुळगुळीत टाइल किंवा पातळ फरशीचा तुकडा तिरका ठेवायची सवय लावा. अंडी दिली की तो अख्खा तुकडा उचलून वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवता येतो. पाणी त्याच टँकचं, तेवढ्याच तापमानाचं, उचलताना अंडी मिनिटभर हवेत आली तरी काही होत नाही. त्या बरणीत मिथिलिन ब्लूचे थेंब टाका, पलीकडचं दिसेल इतपत निळं. एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) अंड्यांच्या शेजारी ठेवायचा, बुडबुडे अंड्यांवर आदळायला नकोत, फक्त पाणी सरकत राहायला हवं, तेच काम एरवी पालक पंखांनी करतात. पांढरी झालेली अंडी रोज ड्रॉपरने किंवा सुईने काढून टाकायची.

जुनं_शेवाळ:
इथे माझं आणि निळी टाइल यांचं नेहमीच जुंपतं 😀 मी पहिल्या दोन वेळा तरी पालकांकडे ठेवा म्हणेन. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की ती पोहत नाहीत, डोक्याकडच्या चिकट धाग्याने लटकून वळवळत राहतात, आणि पडलेलं पिल्लू आई तोंडात धरते, चघळल्यासारखं करते आणि परत जागेवर थुंकते. हे एकदा बघा तरी! रात्री एखादा मंद दिवा ठेवा म्हणजे अंधारात बिचकून खात नाहीत. अंडी काढून वाढवत राहिलो तर ज्यांना सांभाळता येत नाही त्यांचीच पिल्लं पुढे जातात, असं माझं मत.

निळी_टाइल:
मत चांगलंय, पण पाच वेळा सकाळी रिकामी टाइल बघितली की मत बदलतं. माझं बदललं.

चंदेरी_पंख:
मंडळी, दीड महिन्यानंतर येतेय. छोटीने दुसऱ्याच एकाबरोबर जोडी लावली, जो सगळ्यात मरतुकडा वाटायचा तो नर निघाला. मोठ्या टँकमध्येच पहिली अंडी दिली, नळी टोकदार दिसली, ती अंडी बाकीच्यांनी खाल्ली. मग दोघांना हलवलं, बारा दिवसांनी टाइलवर अंडी. पाणी हळूहळू २१० टीडीएसवर आणलंय. मी अर्ध्या मार्गाने गेले, पहिली रात्र पालकांकडे ठेवली आणि मग धीर सुटला, टाइल उचलून बरणीत.

आज ४० तास झाले. अंदाजे दोनशेतली पन्नासएक पांढरी, ती काढली. बाकीच्यांत टॉर्च मारला तर काळा ठिपका, आणि नीट बघितलं तर काही अंड्यांच्या आत शेपटी हलतेय, केसाएवढी! नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. आता खायला काय आणि कधी देऊ? उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक देतात असं वाचलं.

निळी_टाइल:
वा!! अभिनंदन.

बलक नको, पाणी लवकर नासतं. आणि आत्ता काहीच देऊ नका. २८ डिग्रीला साधारण ६० तासांनी फुटतील, मग पाचेक दिवस नुसती वळवळत राहतील, त्यांच्या पोटाला पिवळी पिशवी असते ती संपेपर्यंत बाहेरचं खात नाहीत. तेव्हा खायला घातलं की ते खाली सडणार आणि पिल्लं मरणार. रोज बरणीतलं निम्मं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला, निळा रंग आपोआप कमी होत जाईल.

पोहायला लागली की ताज्या फुटलेल्या ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, त्यांची सुकी अंडी आणून घरीच फोडायची. एक लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ (बघा, गप्पी भाऊंचं मीठ इथे कामाला आलं), बाटली उलटी टांगून खालून हवा, वर दिवा, २७-२८ डिग्री, साधारण चोवीस तासांत तयार. मग हवा बंद करून, दिवा खाली धरून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली उजेडाकडे जमतात, ते नळीने ओढून बारीक कापडातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका, अडकतात. दिवसातून तीनचारदा, पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं.

जुनं_शेवाळ:
आणि पोहायला लागायची वाट बघून ब्राइन श्रिम्पची बाटली लावू नका, एक दिवस आधीच लावा. सगळेच हे विसरतात आणि मग पिल्लं उपाशी. आज बुधवार रात्र, गुरुवारी संध्याकाळी-रात्री फुटतील, म्हणजे पोहतील मंगळवार-बुधवारी. सोमवारी सकाळी पहिली बाटली लावा, आणि मंगळवारी दुसरी, कारण पहिली कधीकधी फुटतच नाही.

गप्पी_एके_गप्पी:
आणि मोठीचं काय झालं?

चंदेरी_पंख:
मोठी एकटीच हीटरवर अंडी घालते आणि वारा घालत बसते. सोमवारचा अलार्म लावला.