अंगण पांढरे, खोली काळी आणि पाण्याचा पितळी गुंडही काळा: ब्लेंडरमध्ये आधी काय तपासावे?

प्रश्न (मेहकर तालुका, बुलडाणा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावातील एका जुन्या मातीच्या घराचे त्रिमितीय मॉडेल मी ब्लेंडर 4.2 या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करीत आहे. जाड भिंती, कवेलूचे छप्पर, पुढे सपरी (ओसरी) आणि अंगण अशी रचना असून कॅमेरा आतल्या खोलीतून दाराकडे पाहतो. सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या प्रकाशगणित करणाऱ्या इंजिनात) रेंडर केल्यावर, म्हणजे अंतिम चित्र काढल्यावर, अंगण पांढरेफटक पडते आणि एक्स्पोजर उतरवले की खोली काळी होते. दाराजवळच्या पितळी गुंडाला मेटॅलिक 1 (पूर्ण धातू) दिले आहे, तरी तो काळाच दिसतो. शेणाने सारवलेली जमीन मात्र पाणी सांडल्यासारखी चकाकते. प्रकाशासाठी निशिता आकाश (ब्लेंडरमधील तयार आकाशप्रकाश) आणि सोबत एक सन लाइट (सूर्यासारखा दिवा) आहे. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर (वर्धा)

सुरुवात प्रकाशापासून करावी. मटेरियलला तूर्त हात लावू नये. निशिता आकाशात सन डिस्क (सूर्याचे बिंब) सुरू असेल तर त्यात सूर्य आधीच आहे, म्हणजे आपल्या अंगणात सध्या दोन सूर्य तळपत आहेत. सन लाइट काढून टाकावा. त्यानंतर कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (प्रकाश पडद्यावर कसा दाखवायचा याची पद्धत) ‘फॉल्स कलर’ करून पाहावे, म्हणजे कोणता भाग मर्यादेबाहेर गेला आहे हे रंगांवरून कळते आणि डोळ्यांच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. मग नेहमीच्या ‘एजीएक्स’ पद्धतीवर परत येऊन एक्स्पोजर एकेका स्टॉपने उतरवावे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे 4 म्हणजे सोळावा हिस्सा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. आपल्याकडच्या भर उन्हात अंगणात सुमारे एक लाख लक्स (उजेडाचे एकक) प्रकाश असतो आणि लहान खिडक्यांच्या मातीच्या खोलीत काहीशे लक्सच असतो. हा फरक आठेक स्टॉपचा आहे. ती घरे ऊन बाहेर ठेवण्यासाठीच तशी बांधलेली असतात, त्यामुळे दुपारी खोली अंधारी दिसणे हा रेंडरचा दोष नाही. आत खोटा दिवा लावून ती उजळवली तर घराचा स्वभावच हरवेल. दार पूर्वेकडे असेल तर सूर्याची उंची कमी करून सकाळ निवडावी, म्हणजे ऊन दारातून थेट जमिनीवर येईल आणि खोली त्या परतलेल्या उजेडाने भरेल.

दुसरे उत्तर (अचलपूर)

वरील मताशी सहमत आहे. मी फक्त चकाकीबद्दल लिहितो. मेटॅलिक 1 केलेल्या वस्तूला स्वतःचा विखुरलेला रंग उरत नाही, ती केवळ आजूबाजूचे दाखवते. आपला गुंड कॅमेरा आणि दार यांच्या मध्ये आहे, म्हणून त्याच्या समोरच्या फुगीर भागात कॅमेऱ्यामागची अंधारी खोलीच उमटते. कडेकडेने दाराची बारीक उजळ रेघ दिसत असेल, तर मटेरियल ठीक आहे असे समजावे. पितळेचा रंग उजळवण्याऐवजी कॅमेऱ्यामागे त्याला दिसण्याजोगे काही द्यावे: एखादी खिडकी, किंवा छायाचित्रकार धरतात तसा पांढरा फलक. या फलकाची रे व्हिजिबिलिटीतील ‘कॅमेरा’ची खूण काढून ठेवावी, म्हणजे कॅमेरा वळला तरी तो थेट चित्रात न दिसता फक्त गुंडासारख्या चकाकत्या वस्तूंच्या प्रतिबिंबातच दिसेल.

जमिनीचे कारण निराळे असावे. रफनेसच्या (खडबडीतपणा सांगणाऱ्या) चित्राचा कलर स्पेस ‘एसआरजीबी’ राहिला असेल तर 0.7 हे मूल्य सुमारे 0.45 असे वाचले जाते आणि कोरडी जमीन ओली भासते. तो ‘नॉन-कलर’ (रंग नव्हे, नुसते आकडे) करावा. नॉर्मल मॅपलाही (पृष्ठभागाचे उंचसखल सांगणाऱ्या चित्रालाही) हेच लागू आहे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दुसरा सूर्य काढला, जमीन कोरडी झाली आणि गुंडाला पितळेची झळाळी आली. आता कोपऱ्यांत पांढरे ठिपके दिसतात. इनडायरेक्ट क्लॅम्प (परावर्तित प्रकाशाची कमाल मर्यादा) 1 केल्यावर ते जातात, पण खोली पुन्हा काळवंडते.

पहिले उत्तर देणारे

क्लॅम्प तीव्र किरण छाटतो, आणि आपल्या खोलीचा बहुतेक उजेड परावर्तित असल्यामुळे तोही छाटला जातो. म्हणून क्लॅम्प मूळच्या 10 वर न्यावा, कॉस्टिक्स (चकाकत्या वस्तूंनी एकवटलेले प्रकाशाचे ठिपके) बंद करावेत आणि डिफ्यूज बाउन्स (विखुरलेला उजेड किती वेळा उसळावा तो आकडा) 4 वरून 8 करावेत. दाराच्या चौकटीएवढा एरिया लाइट दारात आतल्या बाजूला तोंड करून ठेवावा व त्याचा ‘पोर्टल’ पर्याय निवडावा. त्याने प्रकाश वाढत नाही, पण आकाशाचे नमुने दारातूनच घेतले जातात आणि चित्र लवकर स्वच्छ होते. यानंतर ठिपके उरलेच तर क्लॅम्प थोडाथोडा उतरवावा, आणि प्रत्येक वेळी गुंडाजवळचा लहानसा चौकोनच कंट्रोल-बीने निवडून रेंडर करावा, म्हणजे वीज जाण्याआधी उत्तर हाती येते.