पोरीले रक्त लावलं की हुडहुडी भरते, गाळलेल्या रक्तानं फरक पडते का?

कुरखेड्याचा बाबा:
नमस्कार मंडळी. माही पोरगी ९ वर्षांची, एसएस पॅटर्न म्हणजे सिकलसेलचा आजार, दर महिन्याले रक्त लावा लागते. मागच्या दोन्ही खेपेले अर्धी बॅग गेली की हुडहुडी भरली, ताप १०२, सिस्टरनं बॅग बंद केली. पाहवत नाही हो. आता डॉक्टर म्हणाले पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त आणा, नाही भेटलं तर बाहेरून फिल्टर विकत आणा, लावतानाच गाळून देऊ. गाळायचंच आहे तर आधी काय न मंग काय, फरक पडते का? आणि गाळल्यानं लाल रक्त कमी तर होत नाही? माहा लहाना भाऊ द्यायले तयार आहे, ग्रुप बी तोच आहे.

दिग्रसची आई:
दादा, माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, त्यातही सारखं रक्त लावावं लागतं, आमचंही असंच व्हायचं. वर्षभर पलंगाजवळचा फिल्टर वापरला, कमी झालं पण पूर्ण नाही, परतताना एसटीत अंग तापायचंच. रक्तपेढीतूनच गाळून ठेवलेली बॅग मिळायला लागली तेव्हापासून एकदाच ताप आला. चार दिवस आधी सांगून ठेवा, ऐनवेळी नाही मिळत. आणि सिकलसेलच्या पेशंटला सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट असतं, कार्ड सोबत न्या.

वरोऱ्यावाला:
फिल्टर बिल्टर कायले, रक्ताच्या आधी तापाची गोळी देऊन द्या. माह्या मावशीले तसंच देतात.

रक्तपेढीतला टेक्निशियन:
वरोऱ्यावाले भाऊ, गोळीनं ताप दबतो, कारण तसंच राहतं. चुकीचा ग्रुप लागला किंवा बॅगेत जंतू असले तरी पहिली खूण तापच असते, ती दबली तर धोका उशिरा कळतो. एसएसच्या लेकराला तर ताप म्हणजे आधीचं इन्फेक्शनही असू शकतं. म्हणून ताप दिसला की बॅग बंद करून सिस्टरला सांगायचं, ते तुमच्याकडे बरोबर झालं.

आता फिल्टरचं. एका बॅगेत १०० कोटींच्या वर पांढऱ्या पेशी असू शकतात, पोरीला पाहिजेत फक्त लाल. चांगल्या फिल्टरनंतर ५० लाखांच्या आत राहतात. लाल पेशी थोड्या अडकतात पण ८५ टक्क्यांहून जास्त पलीकडे जातात, ती काळजी सोडा. कधी गाळायचं हाच खरा मुद्दा आहे, कारण फ्रिजमध्ये २ ते ६ डिग्रीला ठेवलं तरी पांढऱ्या पेशी आत फुटत राहतात आणि सायटोकाईन नावाची द्रव्यं रक्तात सोडतात, ताप त्यांच्यानंही येतो, आणि फिल्टर पेशी धरतो पण ही द्रव्यं नाही. चहा उकळल्यावर पत्ती गाळली तरी रंग उतरलेलाच असतो ना, तसं. म्हणून रक्तदात्याकडून रक्त घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाळलेली बॅग केव्हाही चांगली. दर महिन्याला रक्त लागणाऱ्या लेकराच्या अंगात या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनतात, गाळल्यानं ते प्रमाणही कमी होतं. पित्त उठणं, खाज मात्र यानं थांबत नाही.

भावाची सिकलसेलची तपासणी झाली का?

कुरखेड्याचा बाबा:
नाही झाली. आम्ही दोघं नवरा-बायको एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक आहो. भाऊ तर धडधाकट आहे, शेतात राबते.

रक्तपेढीतला टेक्निशियन:
एएसवाला धडधाकटच असतो भाऊ, त्याला सहसा काही त्रास नसतो, आणि तुम्ही एएस म्हणजे भाऊही असू शकतो. एएसचं रक्त सिकलसेलच्या पेशंटला देत नाहीत. शिवाय ते फिल्टरमधून नीट जातही नाही. बॅगेत ऑक्सिजन कमी असतो, सिकलसेलच्या एस हिमोग्लोबिनचे धागे बनून लाल पेशी ताठ होतात आणि जाळी जाम होते. आपल्या भागात एएस बरेच, त्यामुळे फिल्टर अडकला की मला आधी तीच शंका येते. कधी अडकत नाही पण पांढऱ्या पेशी नीट निघत नाहीत, ते तर नुसतं बघून कळतही नाही.

भाऊ एए, म्हणजे सिकलसेल नसलेला, निघाला तरी त्याचं रक्त पोरीला नको. सख्ख्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी शरीर परक्या म्हणून ओळखत नाही, त्या आत रुजून उलट पेशंटवरच उठू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर जीवावर बेततं, आणि फिल्टर त्यासाठी पुरत नाही, रेडिएशन दिलेली बॅग लागते. त्यानं दुसऱ्या पेशंटसाठी खुशाल द्यावं.

कुरखेड्याचा बाबा:
हे कोणी सांगितलंच नव्हतं. रक्तपेढीत फोन केला, गाळलेली बॅग बुधवारी भेटते म्हणाले. भावाले सोमवारी तपासणीले नेतो, त्याच्या दोन्ही लेकरांची बी करून घेतो.