आधी कोणाला द्यायचं?
वरच्या प्रतिक्रियेत म्हटलंय की, ओपिऑइडच्या (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधांच्या) खटल्यांत औषध कंपन्यांकडून तडजोडीत मिळालेले पैसे सरळ काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) वाटून टाका, मधे फाउंडेशन कशाला? अर्धंच पटलं. आमच्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ५५ टक्के वाटा हे पैसे वाटणाऱ्या वनओहायो फाउंडेशनकडे, ३० टक्के स्थानिक सरकारांकडे आणि १५ राज्याकडे जातो. पण तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये झालेल्या अशाच तडजोडीचे पैसे कित्येक राज्यांनी बजेटची तूट भरायला वापरले, हे विसरून कसं चालेल? पैसे कोणाकडेही जावोत, पै न् पैचा हिशेब जाहीर व्हायलाच हवा. आमच्या लायब्ररीत दाराशेजारी नॅलोक्सोन स्प्रेची (ओपिऑइडचा ओव्हरडोस झालेल्याचा जीव वाचवणाऱ्या औषधाची) पेटी आहे. परवा ती रिकामी दिसली आणि पोटात गोळाच आला. व्यसनातून बाहेर पडलेल्या चार जणांनी चालवलेल्या संस्थेला अनुदानाचा लांबलचक अर्ज भरायला माणूस कुठून मिळणार? माझ्या मते अर्ज सोपा करून आधी अशांना द्यावं, पोलिसांच्या गाड्यांसारख्या खर्चाचं नंतर बघता येईल.