शब्दचर्चा : ‘दत्तकमुक्त’ मूल म्हणजे कोणतं?

विचारणा

बाल कल्याण समितीच्या (निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या) कामाविषयीच्या मजकुरात ‘बालक दत्तकमुक्त घोषित’ असं वाचायला मिळतं. करमुक्त म्हणजे कर नसलेलं, धूरमुक्त म्हणजे धूर नसलेलं. मग दत्तकमुक्त म्हणजे दत्तक देता येत नाही असं मूल का? शिवाय अशा मजकुरात ‘पालक’ म्हणजे आईवडीलच धरायचे का?

उत्तर

अर्थ बरोबर उलटा आहे. समिती चौकशी करून ठरवते की या मुलाला दत्तक देण्यात आता कायद्याची आडकाठी नाही. हे बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ३८. मूल समितीपुढे आणल्यापासून, ते २ वर्षांपर्यंतचं असेल तर २ महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर ४ महिन्यांत हा निर्णय व्हायचा असतो. तो समितीच्या किमान ३ सदस्यांनी मिळून घ्यायचा असतो.

घोटाळा समासाचा आहे. ‘करमुक्त’ म्हणजे करापासून मुक्त. इथे मात्र ‘दत्तकासाठी मुक्त’ असं म्हणायचंय, आणि मराठी कान ‘-मुक्त’ शब्द तसा ऐकतच नाही. म्हणून ‘दत्तक देण्यास कायद्याने मोकळे’ असं सरळ लिहावं. आदेशाची भाषा हवी असेल तर ‘दत्तक देण्यास विधितः मुक्त’. तीन शब्द वाढतात, पण वाचणारा फसत नाही.

भर : मोकळं कुणापासून?

याचं उत्तर ‘दत्तक’ शब्दातच आहे. दत्त म्हणजे दिलेला. म्हणजे देणारा कुणीतरी हवाच, आणि परंपरेने तो आई किंवा बाप. मनुस्मृतीत आईबापांनी दिलेला तो ‘दत्त्रिम’ आणि त्यांनी टाकलेला तो ‘अपविद्ध’. दोघांना वेगळी नावं आहेत. पुढे व्यवहारात दत्तकच ठळक राहिला आणि ज्याला द्यायला आईबापच नाहीत त्या मुलाची अडचण झाली. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही मूल देण्याचा हक्क मुख्यतः आईवडिलांचाच होता; ते हयात नसतील तर न्यायालयाच्या परवानगीने पालक, म्हणजे त्यांच्या जागी मुलाची काळजी वाहणारा, ते देऊ शके. आईवडिलांनी टाकलेलं मूलही पालकाने तशाच परवानगीने दत्तक द्यावं, ही सोय १९६२ च्या दुरुस्तीने आली. या क्षेत्रातल्या सुधारणा समजून घ्यायच्या तर ‘देणारा कोण?’ हा एकच प्रश्न धरून चालावं.

बाल न्याय कायद्याने मूल देण्याआधी ते मोकळं ठरवण्याचं काम समितीकडे सोपवलं. दत्तकाचा आदेश आधी न्यायालय देई. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि तो जिल्हाधिकारी देऊ लागले. सुनावणी बंद दाराआड होते, निकाल २ महिन्यांत अपेक्षित असतो, आणि ३० दिवसांच्या आत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. तेव्हा नव्या मजकुरात ‘दत्तकाचा हुकूमनामा’ लिहू नये, ‘दत्तक आदेश’ लिहावं. हुकूमनामा न्यायालयाचा असतो.

दुसरी भर : अनाथ, परित्यक्त, सोपवलेलं

तिन्हींना सरसकट ‘अनाथ’ म्हणण्याने खरंच नुकसान होतं. ज्याला आईवडील किंवा कायदेशीर पालक नाहीत ते अनाथच; पण पालक आहे आणि तो सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तरी कायद्याच्या व्याख्येत ते मूल अनाथ ठरतं. परित्यक्त म्हणजे सोडून दिलेलं, तेही समितीने चौकशी करून तसं जाहीर केल्यावरच. तिसरं, परिस्थितीपुढे हात टेकून आईवडिलांनी समितीपुढे स्वतः सोपवलेलं. त्याला सरकारी शब्द ‘अभ्यर्पित’. काही जण ‘समर्पित’ लिहितात. त्याला भक्तीचा वास येतो, तो टाळावा. सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी २ महिने मिळतात. त्या काळात कागदावर ‘अनाथ’ पडलं, तर मूल परत मागण्याचा तिचा हक्क आईलाच कळत नाही.

उत्तर : ‘पालक’

शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणजे आई किंवा वडील. पालक व पाल्य अधिनियम, १८९० मध्ये मात्र पालक म्हणजे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाची किंवा त्याच्या मालमत्तेची काळजी वाहणारा. तो आजोबा असेल, मावशी असेल किंवा परका. ‘पालकत्व’ही तसंच: मासिकात ते मूल वाढवण्याची कला असते, न्यायालयात कायदेशीर जबाबदारी. ही जबाबदारी मूल १८ वर्षांचं झालं की संपते आणि तिच्यामुळे वारसाहक्क मिळत नाही. दत्तकाने नातं कायमचं बदलतं. म्हणून ‘दत्तक पालक’ असं मोघम न लिहिता ‘दत्तक आईवडील’ लिहावं. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना पूर्वी १८९० च्या कायद्याखालचं पालकत्वच घेता येई. बाल न्याय कायद्याखालचं दत्तक कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलं.

शेवटची भर : अ.पा.क.

सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असतं: अज्ञान पालनकर्ता. आई, चुलता, कुणाचंही नाव तिथे दिसतं, आणि त्यालाच जमीन विकायचा अधिकार आहे असं समजलं जातं. ती नुसती नोंद आहे. हिंदू अज्ञान मुलाची स्वतंत्र मालकीची जमीन विकायला जन्मदात्या आईवडिलांनासुद्धा न्यायालयाची आधी परवानगी लागते; ती न घेता केलेली विक्री मुलाला सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत दावा लावून रद्द करून घेता येते. मूल १८ वर्षांचं झालं की वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यावा आणि ‘अ.पा.क.’ नोंद कमी करून घ्यावी.