वर्गात ट्रेनिंगमधला कुत्रा, हात लावू नको म्हणतात?

प्रश्न: टेक्सासमध्ये एमएस करतोय, वर्गात एक मुलगी जाकीट घातलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणते, इतकं गोड आहे पण हात लावू देत नाही, असं का? आणि असं आणायला परवानगी असते का?

उत्तर १: ती पपी रेझर (puppy raiser), म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं वाढवणारी असणार. साधारण ८ आठवड्यांचं पिल्लू आणून दीडेक वर्षाचं होईपर्यंत सांभाळतात, गर्दी, आवाज, तासभर बाकाखाली गप्प पडून राहणं, हे सगळं ते वर्गासारख्या ठिकाणीच शिकतं. तू लाड केलेस की त्याचं लक्ष माणसांकडे जायला लागतं, उद्या अंध मालकाला रस्ता ओलांडून देताना हेच महागात पडेल रे. खरंच नको लावूस हात.

उत्तर २: फेडरल एडीए कायदा (अपंगांच्या हक्कांचा देशपातळीवरचा कायदा) ट्रेनिंग पूर्ण झालेल्या कुत्र्यांनाच लागू होतो, शिकाऊ कुत्र्यांबाबत प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. टेक्सासमध्ये मान्यताप्राप्त ट्रेनरसोबत असेल तर अडवता येत नाही.

उत्तर ३: अ‍ॅलर्जी असेल तर प्रोफेसरना सांग, लांब बसवतील.