जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर डिझेलच?

नांगरफाळ: कालच्या पोस्टीत एकाने ठणकावून लिहिलंय, "जुना ट्रॅक्टर डिझेलच घ्या, पेट्रोलवाले भंगारात घाला." महिन्यातून दोनदा गवत कापायला आणि ट्रॉली ओढायला कशाला हवं डिझेल? पेट्रोलवर चालणारे फोर्ड ८एन ट्रॅक्टर १९४७ ते १९५२ मध्ये पाच लाखांवर बनले, अजून चालतात. बंद पडला तर प्लग, ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर, कार्ब्युरेटर, बस्स. डिझेलचा इंजेक्शन पंप गेला की तो घरी उघडताच येत नाही.

काळाधूर: पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेणार नाही. मॅसी फर्ग्युसन १३५ चं तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल इंजिन लोडवर ऐका. आवाज जड होतो, ओढ सुटत नाही. तुमचं पेट्रोल चार-सहा महिने टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो.

नांगरफाळ: टाकीचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, नाही धरत. आणि सगळी डिझेल गुणी नसतात. मॅसी ३५ ला आधी चार सिलिंडरचं स्टँडर्ड डिझेल यायचं, थंडीत सुरू व्हायला रडवायचं.

सहाव्होल्ट: ८एन निघालाच आहे तर सांगतो. लोक त्याची सहा व्होल्टची वायरिंग उपटून बारा का करतात? सेल्फ मंद फिरतो म्हणून! अहो, व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट. त्याला जाड केबल लागते, तुम्ही लावता कारची बारीक.

काळाधूर: बारा केल्यावर माझा अर्ध्या फेरीत सुरू होतो. संपला विषय.

सहाव्होल्ट: नाही संपला. कॉइल जुनीच ठेवून रेझिस्टर नाही लावला तर पॉइंट जळतात. मग हेच लोक ओरडतात, पेट्रोल ट्रॅक्टर भरवशाचे नाहीत! मुळात त्यात प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, हे तरी बघितलं होतं का?

काळाधूर: मला शिकवू नका. वीस वर्षं पाने हातात आहेत.

बांधावरून: बॅटरीवर भांडताय, क्लचचं कुणीच बोलत नाही. माझ्या जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरला लाइव्ह पीटीओ नव्हता, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा दांडा (पीटीओ) गाडीच्याच क्लचवर चालायचा. कुंपणाजवळ क्लच दाबला, ब्रेक दाबला, तरी मागच्या कटरचं जड पातं फिरतच राहिलं आणि त्याच्या वेगाने मागून गिअरबॉक्स फिरून ट्रॅक्टर पुढेच ढकलला गेला. ट्रॅक्टर दोन खांब मोडून थांबला. पुढे माझा मुलगा उभा होता, हातभर अंतरावर. तेव्हापासून मी आधी क्लच बघतो, इंधन मागाहून. १३५ मध्ये दोन टप्प्यांचा क्लच मिळतो; अर्धा दाबला की गाडी थांबते, पीटीओ चालू राहतो. ८एन घ्यायचाच असेल तर पीटीओवर ओव्हररनिंग कपलर, म्हणजे पात्याचा वेग मागे गिअरबॉक्सला जाऊ न देणारा जोड, बसवल्याशिवाय कटर जोडू नका.

काळाधूर: हे मात्र खरं. भंगारात घाला म्हणालो ते फार झालं. हलक्या कामाला चालेल पेट्रोल, पण कपलर लावूनच. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला तरीही डिझेल आणि लाइव्ह पीटीओ.

नांगरफाळ: बेलरला मी कधी पेट्रोल म्हणालो? पण मान्य, माझ्याकडे कपलर नाही. तो बसवला की पीटीओ पुढे येतो ना? मग कटरचा शाफ्ट किती कापावा लागला?

बांधावरून: कपलर लावून, लिफ्ट खाली-वर करून मोजा. शाफ्ट सर्वांत आखूड होतो तिथे त्याच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या तळाला टेकता कामा नयेत. मोजल्याशिवाय करवत लावू नका.